गिदोनाची घोंगडी

आमच्या घरी देवाला उसंत म्हणून नव्हती. सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी तो स्वस्थ बसला, असं रविवारच्या शाळेत शिकवायचे तेव्हा मला वाटायचं, बसला असेल, पण तेव्हा आप्पा जन्माला यायचे होते. आप्पा म्हणजे माझे वडील, सांगलीत पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून. कचेरीत साहेबांच्या सहीशिवाय कागद हलत नसे आणि घरात प्रार्थनेशिवाय खुर्ची. सकाळी साखर कारखान्याचा भोंगा झाला की पुढच्या खोलीतून आप्पांचा आवाज सुरू व्हायचा, "हे कृपाळू स्वर्गीय पित्या," आणि मागच्या खोलीतून कुकरच्या शिट्ट्या. दोघांची रोज चढाओढ. आधी आभार, मग आजारी नातेवाईक, मग राज्यकर्ते, आणि मग दिवसाचे प्रश्न. सायकलचा टायर आता बदलावा की पावसाळ्यानंतर? ज्वारी मिरजेतून आणावी की इथंच घ्यावी? मी आणि कुकर, दोघं वाफ दाबून बसायचो. प्रार्थना संपेपर्यंत पोह्यांचा लगदा झालेला असायचा, आणि "आमेन" म्हणताना माझ्याइतका मनापासून आवाज चर्चच्या सबंध मंडळीत कुणाचा लागत नसेल.

एवढं विचारल्यावर देव बोलायचा कसा, हा प्रश्न कुणालाही पडेल. आप्पांची त्याची रीत ठरलेली होती. डोळे मिटून बायबल, आमच्या भाषेत शास्त्र, उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोट पडेल तिथं उत्तर. पंख्याच्या वेळी ते प्रभूनं वादळ शांत केल्याच्या गोष्टीवर पडलं, तेव्हा वारासुद्धा त्याच्याच ताब्यात आहे असा अर्थ काढून आप्पांनी पंखा आणला. फ्रिजच्या वेळी नोहाच्या जलप्रलयावर पडलं, आणि आमच्याकडं फ्रिज यायला पुढं मला कमावती व्हावं लागलं. मिक्सरच्या वेळी फारच कठीण जागा आली. शेवटच्या दिवसांत दोन बायका जात्यावर दळत असतील, एकीला नेलं जाईल आणि दुसरीला ठेवलं जाईल, अशी ती जागा. आप्पा एकदम गंभीर झाले. जगाचा अंत दारात उभा असताना मिक्सर घ्यावा का, असं काहीसं पुटपुटू लागले. आई दारातच लसूण सोलत होती. ती म्हणाली, "ह्यात काय अवघड हाय? सरळ सांगितलंय की. एक घ्यायची, एक ठेवायची. मिक्सर घ्या, जातं ठेवा." मिक्सर आला.

आईचं माहेर जतकडचं. टँकरची वाट बघत वाढलेली बाई. तिकडं पाण्याची गाडी आली की आधी घागर लावायची, विचार नंतर. शिवाय ती दवाखान्यात सिस्टर होती. वॉर्डात माणूस घुसमटायला लागला तर बोट कुठं पडतंय ते बघत बसता येत नाही. प्रार्थना तीही करायची, पण चालता चालता, सलाईनची बाटली टांगता टांगता, ओठही न हलवता. आप्पांना ती प्रार्थना वाटतच नसे. "गुडघे टेकल्याशिवाय कसलं गं मागणं?" असं ते म्हणायचे. आई म्हणायची, "आवं, गुडघे टेकले तर उठवायला दुसरी सिस्टर बोलवावी लागंल."

अशा घरात ब्रदर सुमंत आले नसते तरच नवल. ते चर्चचे पाळक नव्हते, शिक्षक नव्हते, नेमके काय होते हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. त्या वर्षांत गावोगाव तंबू ठोकून प्रार्थनेच्या सभा व्हायच्या, तिथं ते आप्पांना भेटले. त्यांना बोटबीट ठेवावं लागत नसे. प्रभू त्यांच्याशी थेट बोलायचा, आणि मुख्यतः दुसऱ्यांच्या घरांविषयी बोलायचा. रविवारी उपासना आटोपून आई मटणाला फोडणी देई. रस्सा उकळून खोबऱ्या-मसाल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला की फाटक वाजायचं. "सलाम, सलाम! प्रभूनं आज आत्म्यात सांगितलं, सुमंता, त्या घरी जा." आई मला हळूच म्हणायची, "आत्मा न्हवं गं, नाक." पण आप्पा उठून त्यांना पाटावर बसवायचे आणि नळीचं हाड त्यांच्या ताटात जायचं. ते हाड लहानपणापासून माझं होतं, हे इथं नोंदवून ठेवते.

मी बी.एड. झाले त्या उन्हाळ्यात माझ्या आयुष्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. महाबळेश्वरच्या एका निवासी शाळेनं मला शिक्षिका म्हणून निवडल्याचं कळवलं, जूनमध्ये हजर व्हायचं होतं. आणि ब्रदर सुमंतांना प्रभूनं दाखवलं की मी त्यांच्या भाच्याची बायको आहे. भाचा आष्ट्याला, नाव जीवन, खताचं दुकान, घरी विधवा आई. "मी स्पष्ट पाहिलं," ब्रदर म्हणाले, "ही नवरीच्या पांढऱ्या साडीत उभी आणि मागं युरियाची पोती." मला हसू आलं, पण आप्पा हसत नव्हते. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की जणू पोती खरंच माझ्या मागं रचलेली आहेत.

बोट ठेवून झालं. ते वंशावळीवर पडलं, अमक्याचा तमका आणि तमक्याचा फलाणा, पानभर. ब्रदरांचं म्हणणं, याचा अर्थ लग्न. आई म्हणाली, "याचा अर्थ पान चुकलं." मला कुणी विचारलं नाही. विचारायचं नाही असं कुणी ठरवलं होतं असंही नाही. देवाला विचारायचं चालू असताना मधे पोरीला काय विचारायचं, असा तो सरळ हिशेब होता. आमच्या मंडळीतल्या तरुण पोरांना आता रोज सकाळी फोनवर वचन येतं आणि त्यावरून ती नोकरी सोडतात, धरतात, परत सोडतात. मी ऐकते आणि गप्प राहते. पण कुठल्या मुलीचं लग्न ठरत असलं की तिला बाजूला घेऊन विचारल्याशिवाय मला राहवत नाही, "तुला काय वाटतं गं?" बहुतेकींना हा प्रश्न नवा असतो.

शेवटी आप्पांनी गिदोनाचा मार्ग धरला. शास्त्रात गिदोन नावाचा एक योद्धा आहे. लढाईला जावं की नाही याची खात्री पटेना, म्हणून त्यानं अंगणात लोकर पसरली आणि देवाला म्हणाला, सकाळी लोकर तेवढी दहिवरानं भिजू दे आणि भोवतीची जमीन कोरडी राहू दे, मग मी समजेन. तसं झालं. आप्पांनी जतच्या मामांकडं लोकर मागवली. लोकर घेऊन कारकून माणूस काय करणार, म्हणून मामांनी अख्खी नवी घोंगडीच पाठवली, काळीभोर, मेंढरांच्या वासाची. आप्पांनी फक्त मला विश्वासात घेतलं. घोंगडी ओली आणि जमीन कोरडी, तर आष्टा. दोन्ही कोरडी, तर महाबळेश्वर. आईला सांगायचं नाही, कारण ती विश्वासानं घेणार नाही.

आता या वयात मला एक शंका येते. वैशाखात सांगलीत दहिवर पडत नाही, हे पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नसेल? आप्पांनी अट अशी घातली होती की देवानं काहीही केलं नाही तर मी महाबळेश्वरला जावं. हे त्यांनी जाणूनबुजून केलं की अजाणता, ते विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तर त्यावरही ते प्रार्थना करत बसले असते.

संध्याकाळी मागच्या अंगणात घोंगडी पसरली. आई रात्रपाळीला होती. पहाटे ती आली, मागच्या दारानं, नेहमीसारखी थकलेली. अंगणात भावाची नवी घोंगडी धुळीत पडलेली आणि तिला मेंढरांची दुर्गंधी. आईनं ती उचलून नळावर नेली, साबण लावून खसाखसा धुतली, पिळली, आणि ओली घोंगडी दोरीला पेलणार नाही म्हणून होती तिथंच पुन्हा पसरून ती झोपायला गेली. त्या उन्हाळ्यात जमीन इतकी तहानलेली की खाली ठिबकलेलं पाणी तिनं जागच्या जागी पिऊन टाकलं. भोंगा झाला. आप्पा अंगणात गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी वाकून जमिनीवर हात फिरवला. मग घोंगडीवर ठेवला. मग एक कोपरा पिळला, आणि पाण्याची धार लागली तसे ते तिथंच गुडघ्यांवर बसले. साबणाचा वास मलासुद्धा आला नाही, इतकी मी घाबरले होते.

रविवार होता. उपासनेनंतर ब्रदर हजर झाले, आप्पांनी रडत रडत त्यांना चमत्कार सांगितला, आणि जेवायला बसता बसता लग्नाचा महिनाही ठरला. त्या दिवशी मटण मी केलं होतं, आई झोपली होती म्हणून. मीठ पडलं की नाही मला आठवत नाही. ब्रदरांनी नळी तोंडाला लावली आणि त्या आवाजानंच बहुधा आई जागी झाली. केस बांधत बाहेर आली.

"कुनाचं लगीन?"

"एस्तरचं," आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले. "देवानं कौल दिला, सुशीला. मी गिदोनासारखी घोंगडी ठेवली होती अंगणात. घोंगडी चिंब आणि जमीन कोरडी. पिळली तर धार लागली."

"धार लागंल न्हाई तर काय हुईल? मी धुतली ती!"

ब्रदरांची नळी ओठांशीच थांबली. सगळ्यांत आधी तेच सावरले. "बाई, हेच तर प्रभूचे अद्भुत मार्ग. त्यानं तुमचे हात वापरले."

"हात माझे, साबण माझा, पानी नळाचं. मग त्यानं काय वापरलं?"

"तुम्हाला धुवायची बुद्धी कुणी दिली?"

"वासानं," आई म्हणाली. "आन उद्या बुद्धी झाली तर चुलीतबी घालीन. त्याचा काय अर्थ काढनार, ते आत्ताच सांगून ठेवा."

आप्पांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा घोंगडी ठेवली, यावेळी उलट अट घालून. दुपारी वळीव कोसळला आणि घोंगडी, जमीन, सायकल, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले पापड, सगळंच भिजलं. देवानं दोन्हीकडून हात झटकले होते. ब्रदरांच्या मते तो आशीर्वादाचा पाऊस होता. शेवटी आप्पा म्हणाले, एकदा आष्ट्याला जाऊन मुलगा बघून तरी येऊ. आईनं रजा टाकली. "तुमी दोघं देवाचं बघा," ती म्हणाली, "मी पोराचं बघते."

आष्ट्याचं घर दुकानाच्या मागं होतं. खताचा उग्र दर्प आणि त्यात पोह्यांच्या फोडणीचा. जीवनची आई साधी, घाबरट बाई, भावाच्या शब्दाबाहेर नसलेली. जीवन उंच, सावळा, हातावर पोत्यांच्या सुतळीचे वळ. मान खाली घालून बसला होता, मला वाटलं लाजतोय. हात धुवायला मी परसात गेले तर तो तांब्या घेऊन मागून आला. पाणी ओतता ओतता हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या मनात हाय का?"

मी धीर करून मान हलवली. "नाही."

"माझ्याबी न्हाई. माझं एकीकडं ठरल्यालं हाय, इस्लामपुरात. पन मामाम्होरं न्हाई म्हनायची सोय न्हाई. देवाचं नाव काढलं की आमच्या घरात समद्यांची दातखीळ बसती."

"मग आता?"

"बघू," तो म्हणाला. "त्यांची काठी त्यांनाच लागती का बघू."

आम्ही आत आलो. ब्रदर डोळे मिटून दोघांच्या भावी संसारासाठी प्रार्थना सुरू करणार, तोच जीवननं बशी खाली ठेवली.

"मामा, मला दर्शन झालं."

ब्रदरांनी एक डोळा उघडला. "काय?"

"प्रभू बोलला. ही तुझी भन हाय म्हनला."

"कवा?" ब्रदरांची शुद्ध भाषा एकदम सुटली.

"आत्ता. पोहे खाताना."

मी पदरात तोंड लपवलं, आणि सगळ्यांना वाटलं मी रडतेय. जीवनची आई भावाकडं बघत होती, आप्पा जीवनकडं, आणि ब्रदर छताकडं, जणू वरून काही खुलासा येईल. मग ते घसा साफ करून म्हणाले, "प्रत्येक दर्शन देवाकडचं नसतं. पारखून घ्यावं लागतं."

"व्हय की," आई म्हणाली. "पारखूया. दोन्हीबी पारखूया. आदी कुनाचं घ्यायचं? तुमचं जुनं हाय, तुमचंच घेऊ."

ब्रदरांनी घड्याळात बघितलं. कराडला एक सभा असल्याची प्रभूनं त्यांना त्याच क्षणी आठवण करून दिली. चपला घालता घालता त्यांनी जीवनवर जी नजर टाकली तीत आत्मा फारसा नव्हता. त्यानंतर ते आमच्याकडं कधी आले नाहीत. नळीचं हाड परत माझ्या ताटात आलं.

जीवननं पुढं इस्लामपूरच्या त्या मुलीशीच लग्न केलं. ब्रदर सुमंतांनीच तिथं आशीर्वादाची प्रार्थना केली, आणि ही जोडी आपल्याला आधीच दिसली होती, असं मंडपात सांगितलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. आष्ट्याच्या स्टँडवर आईनं भडंग घेतलं आणि ती ओळखीची एक पेशंट भेटली म्हणून तिच्याशी बोलत उभी राहिली. आप्पा बाकावर बसले होते. मला वाटलं, ते माझ्यावर रागावलेत. मग माझ्याजवळच्या भडंगात हात घालून ते बोलू लागले.

"तुला माहितीय ना, मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. आईबापाविना. तिथं घंटा व्हायची, उठायचं. घंटा व्हायची, जेवायचं. मी काय शिकायचं ते मिशनरी साहेबांनी सांगितलं. नोकरीची शिफारस त्यांची. तुझी आईसुद्धा त्यांनीच दाखवली, म्हणाले, दाविद, ही चांगली मुलगी आहे. आणि मग एक दिवस साहेब गाशा गुंडाळून त्यांच्या देशी निघून गेले." त्यांनी भडंगाचे चार दाणे तळहातावर नुसतेच फिरवले. "मला कुणी ठरवायला शिकवलंच नाही, एस्तर. साहेब गेल्यावर विचारायचं कुणाला? म्हणून मी देवाला विचारत राहिलो. पण खरं सांगू? त्याचा आवाज मला कधी आला नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, माझ्याच विश्वासात खोट असेल."

एवढ्या वर्षांत मी आप्पांच्या हजारो प्रार्थना ऐकल्या होत्या. त्या सगळ्यांपेक्षा हे चार शब्द मला अधिक खरे वाटले. आज मला वाटतं, देव त्यांच्याशी बोलत नव्हता असं मुळीच नाही. तो मिक्सरच्या वेळेपासून लसूण सोलत दारात बसून बोलत होता. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला फक्त त्यांचा हात धरावासा वाटला. आमच्याकडं बापाचा हात धरायची पद्धत नव्हती. मी भडंगाचा कागद त्यांच्याकडं सरकवला.

"तुला काय वाटतं?" आप्पांनी विचारलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"मला जायचंय, आप्पा."

"मग जा."

"आणि प्रार्थना?"

"ती करीन की," ते म्हणाले. "पण तू तिथं नीट राहावीस म्हणून. जावं की नको म्हणून नाही."

जूनमध्ये आप्पा मला पोचवायला निघाले. आईनं दवाखान्यातून सुटी मिळाली नाही म्हणून सांगितलं. पण मला वाटतं, तिनं मुद्दाम आम्हा दोघांनाच पाठवलं. साताऱ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर महाबळेश्वरच्या दोन गाड्या उभ्या होत्या, एक वाईवरून जाणारी आणि एक मेढ्यावरून. आप्पा माझी ट्रंक घेऊन दोन्हींच्या मधे उभे राहिले. सवयीनं त्यांचे डोळे मिटले, ओठ हलायला लागले. मग त्यांनी डोळे उघडले, जरा चोरट्यासारखं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "मेढ्याची घेऊ."

"का?"

"मला आवडली. डोंगर दिसेल."

डोंगर दिसला नाही. मेढा सोडल्यावर धुकं असं उतरलं की ड्रायव्हरला स्वतःचा वायपर दिसत नव्हता. घाटाच्या मध्यावर गाडी थांबली. पुढं एक झाड आडवं झालं होतं. माणसं उतरली, बघून आली, भिजून परत बसली. कुऱ्हाड आणायला कुणीतरी खालच्या गावात गेलं. कंडक्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वाईची गाडी एव्हाना पोचली आसंल वर." आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीसुद्धा बघितलं, आणि मला हसू फुटलं. मग त्यांनाही फुटलं, आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग सगळ्या अंगातून. आप्पांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. शेजारी एक धोतरवाला म्हातारा शेतकरी पिशवी मांडीवर धरून चिडून बसला होता. आप्पांनी त्याला कोपरानं ढोसलं.

"पाव्हणं, ही गाडी मी निवडली. माझी मी."

म्हाताऱ्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग भोगा आता!"

"भोगतोय की," आप्पा म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडून त्यांनी आधी त्याच्यापुढं भाकरी धरली.